ताक सोडलेल्या बायका

मी बुरशी वाढवते. काय करता म्हणून कुणी विचारलं, तर मी हेच सांगते. 'दारूच्या कारखान्यात आहे' असं म्हटलं की पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत बायका पदर सावरतात आणि पुरुष उगाच आभाळाकडे बघतात. बुरशी म्हटलं की निदान माणूस गोंधळून गप्प तरी बसतो.

घरातही काही वेगळं नव्हतं. वडील दर रविवारी विहारात जातात, पंचशील म्हणतात, आणि मी शेजारी असले की पाचव्या शीलाला त्यांचा आवाज मुद्दाम चढतो. मद्यापासून दूर राहीन, हे शील. मी आधी नऊ वर्षं वाळूजच्या एका बिअर कारखान्याच्या लॅबमध्ये होते, तेव्हापासूनची ही चढण आहे. "पीत नाहीस ना?" एवढंच ते विचारायचे. मी चव घेऊन थुंकते, गिळत नाही, हे त्यांना शंभर वेळा सांगून झालं. त्यांचा विश्वास आहे, पण आवाज काही उतरत नाही.

बिअर सोडून मी दौलताबाद रस्त्यावरच्या एका लहानशा वायनरीत आले, त्याला कारण आमचे मालक. घरची द्राक्षं, घरची वाइन, आणि ती विकली न गेल्याचं घरचंच दुःख. एकदा ते जपानला फिरायला गेले, तिथं भाताची दारू प्यायले, जिला साके म्हणतात, आणि घोड्यावर बसूनच परत आले. "मॅडम, हे आपण इथं बनवायचं. मराठवाड्यात पहिली साके." मराठवाड्यात तांदूळ कुठं पिकतो, असं मी विचारलं. "भंडाऱ्याहून आणू," ते म्हणाले. माणूस अडणारा नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, मलाही कामाची भूल पडली होती. द्राक्षात साखर आयती असते, तांदळात नसते. म्हणून वाफवलेल्या तांदळावर आधी एक बुरशी वाढवतात, तिला कोजी म्हणतात. ती तांदळातल्या पिठाची साखर करते, मग यीस्ट त्या साखरेची दारू करतं. सगळा खेळ कोजीचा. नऊ वर्षं मी बुरशी मारण्यात घालवली होती, आता ती लाडानं वाढवायची होती.

शिकवायला जपानहून एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, आवाज दणदणीत. तिकडं उत्तरेच्या बर्फाळ भागात त्यांच्या घराण्याची साकेची जुनी भट्टी आहे, आणि वडिलांच्या मागे भट्टीच्या मुख्य त्याच. त्यांचं इंग्रजी तुटकं, माझंही तुटकं, त्यामुळे आमचं छान जमलं.

त्या येण्याआधीच मालकांनी कोजीची खोली हौसेनं बांधून ठेवली होती. उबदार, बंद, आतून सगळ्या भिंतींना लाकडाच्या फळ्या. बाई आत गेल्या, भिंतीला नाक लावलं, आणि हे कसलं लाकूड म्हणून विचारलं. कडुनिंबाचं. मालक अभिमानानं म्हणाले, "याला कीड लागत नाही, बुरशी तर नाहीच नाही!" मी ते इंग्रजीत सांगितलं. बुरशी वाढवायच्या खोलीला बुरशी न लागणारं लाकूड लावणारी माणसं बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली असावीत. हसून हसून त्यांना खाली बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी फळ्या निघाल्या, देवदाराच्या आल्या. तेव्हा मीही हसले होते. पुढं जे झालं ते पाहता, ती चूक निदान निष्पाप होती.

तांदूळ धुवायला, भिजवायला, वाफवायला आणि कोजीच्या खोलीत तो लाकडी ताटांवर पसरून हातानं मोकळा करायला दौलताबाद गावातल्या चार बायका होत्या. त्यातल्या थोरल्या बाईंना सगळे मावशी म्हणत. मीही म्हणायचे. त्या आमच्याच समाजातल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं गाव, आजोळ, विहार सगळं विचारून घेतलं आणि मग माझ्याशी 'तू' म्हणून बोलायला लागल्या. बाकीच्या तिघी मला मॅडम म्हणत, मावशी 'पोरी' म्हणत.

तांदूळ किती भिजला हे ओळखणं हे या कामातलं अवघड अंग. अर्ध्या मिनिटाचा फरक पडला तरी कोजी बिघडते. जपानी बाई हातात घड्याळ धरून उभ्या असायच्या. तिसऱ्या दिवशी मावशींनी पाण्यातून एक दाणा काढला, दोन नखांत दाबला आणि म्हणाल्या, "काढा आता, झालं." घड्याळात अजून वेळ होता. बाईंनी दाणा घेतला, उजेडात धरला, मोडला, आणि घड्याळ खिशात टाकलं. त्यानंतर महिनाभर ते खिशातच राहिलं. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण तांदळावर वाकून दोघी इतकं बोलायच्या की मध्ये दुभाषी म्हणून उभं राहायची मला लाज वाटायची.

मग एक दिवस बाईंनी नियम सांगितला. कोजी चालू असेपर्यंत त्या खोलीत जाणाऱ्या कुणीही आंबवलेलं खायचं नाही. त्यांच्याकडं नाट्टो नावाची आंबवलेली सोयाबीन खातात, ती भट्टीच्या हंगामात पूर्ण बंद. आपल्याकडचं काय, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी यादी केली. दही, ताक, कढी, इडली. त्यातले जिवाणू हातावरून, लुगड्यावरून आत जातात आणि तांदूळ आंबट करतात.

मी हे चौघींना सांगितलं. मावशी तर कमरेवर हात ठेवूनच उभ्या राहिल्या. "ताक नाय? मंग भाकर घशाखाली कशी उतरायची?"

मी त्यांना लॅबमध्ये नेलं, ताकाचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकातून दाखवला. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. "ही वळवळ आमच्या पोटात जाती व्हय?" मी म्हटलं, पोटात चांगली, तांदळात वाईट. त्या सरळ उभ्या राहिल्या. "मंग सोडलं. कारण सांगितलंस ना, मंग सोडलं."

आणि सोडलं म्हणजे सोडलं. मावशींनी घरात विरजण लावणंच बंद केलं, कारण समोर असलं तर हात जातोच. लेक कुरकुरला, नातवंडं रुसली. दिवाळीपासून होळीपर्यंत चौघींनी कोरड्या भाकरीबरोबर वरण नाहीतर पिठलं खाल्लं. आमच्याकडं माणूस एकवेळ भाकरी सोडेल पण ताक सोडणार नाही, हे ज्याला माहीत आहे त्यालाच याची किंमत कळेल. त्या वर्षीच्या कोजीला भाजलेल्या शेंगांसारखा वास आला. बाईंनी दाणा चावला, डोळे मिटले, आणि मावशींपुढं कमरेत वाकल्या. मावशी घाबरून मागं सरल्या.

बाई गेल्या. पहिल्या बाटल्या भरल्या गेल्या, चांगल्या म्हणाव्यात अशा निघाल्या, आणि मालकांच्या डोक्यात पर्यटक शिरले. किल्ला बघून वेरूळला जाणाऱ्या गाड्या आपल्या दारात थांबवायच्या. कोजीच्या खोलीला मोठी काच बसवली, बाहेर बाकं टाकली. पुण्याच्या कुणा जाहिरातवाल्यानं त्यांना सांगितलं होतं की लोक चव विकत घेत नाहीत, परंपरा विकत घेतात. मग मालक परंपरा शोधायला लागले. इंटरनेटवर.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, मला एक जबरदस्त गोष्ट सापडली. पूर्वी जपानमध्ये साकेच्या भट्टीत बायकांना येऊच देत नव्हते. शेकडो वर्षांची रीत! आपण हीच ठेवू. एकदम अस्सल."

मी म्हटलं, "आपल्याला शिकवायला बाईच आली होती."

"त्या मालकीण आहेत, त्यांची गोष्ट वेगळी."

"आणि मी?"

"तुम्ही स्टाफ. तुमचा यात काही प्रश्नच नाही. मी त्या चौघींबद्दल बोलतोय."

आता मालकांबद्दल मला जो संताप आहे तो आधी लिहून टाकते. जगाच्या पाठीवरून उचलून आणायला या माणसाला दुसरं काही सापडलं नाही. त्या लोकांची स्वच्छता, कामावरची निष्ठा, तांदळाच्या एका दाण्यासाठी अर्धा तास थांबायची तयारी, यातलं काही विमानात बसलं नाही. बसला तो विटाळ. जणू आपल्याकडं त्याचा तुटवडा होता! आणि खरं कारण तेही नव्हतं. खरं कारण मला नंतर कळलं, जेव्हा पॅकिंगमधल्या तीन पुरुषांना निळे जपानी अंगरखे घालून आणि कपाळाला पांढऱ्या पट्ट्या बांधून काचेमागं उभं केलं गेलं. लुगड्याचा काचा मारलेली दौलताबादची बाई फोटोत जपानी दिसत नाही. एवढंच. त्या एवढ्याशासाठी शेकडो वर्षांची रीत.

हे झालं मालकांचं. पण 'तुमचा प्रश्नच नाही' हे ऐकल्यावर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, हेही लिहायला हवं. मी वाद घातला, नाही असं नाही. दोन वाक्यं. तिसरं मी बोलले नाही. मालक म्हणाले, "त्यांना तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात त्या." आणि मी गेले.

चौघी पितळी घमेली घासत होत्या. मी सांगितलं की आजपासून त्यांचं काम बाटल्यांना लेबल लावायचं, कोजीच्या खोलीत जायचं नाही.

"काय चुकलं का आमचं?" मावशींनी विचारलं.

"नाही मावशी. नियम आहे. जपानचा."

"ती बाई तर जपानचीच व्हती की."

"जुना नियम आहे," मी म्हटलं.

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. लॅबमध्ये पाहिलं होतं तसंच, नीट, बराच वेळ. या वेळी दाखवायला माझ्याकडं काचपट्टी नव्हती. मग त्यांनी ओले हात पदराला पुसले. "बरं. तू म्हणतीस तर आसंल," म्हणाल्या आणि बाकीच्या तिघींना घेऊन गेल्या. पंधरा-वीस दिवस त्यांनी लेबलं चिकटवली. मग यायच्या बंद झाल्या. त्यांच्यामागं तिघीही.

दारावर पितळी पाटी लागली. 'प्राचीन जपानी परंपरेनुसार कोजीगृहात स्त्रियांना प्रवेश नाही.' खोलीचं गृह झालं होतं. वरती घंटा तेवढी टांगायची राहिली होती.

निळे अंगरखेवाले माझ्या हाताखाली काम करू लागले. मी त्यांनाही ताकाचं सांगितलं. एक जण म्हणाला, "मॅडम, ते बायकांचे उपास आपण कशाला धरायचे?" आणि दुपारी माझ्यासमोर तांब्याभर ताक रिचवलं. मी मालकांकडं गेले. ते म्हणाले, "लोकांच्या जेवणात कशाला पडता? दिवसभर उभे असतात बिचारे." म्हणजे ज्या नियमाला कारण होतं तो लोकांच्या जेवणात पडणं, आणि ज्याला काही कारण नव्हतं तो पितळेत कोरलेला.

मग एका दुपारी सहलीतल्या कुणा बाईंनी पाटी वाचली, काचेतून मला पाहिलं आणि मालकांना सहज विचारलं, "मग त्या आत कशा?" खोचकपणा नव्हता, साधा प्रश्न होता. मालक हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडं कोजीच्या खोलीची किल्ली मागितली. "तुम्ही काचेबाहेरून सूचना देत जा, मॅडम. माइक लावून देतो."

माइक! ज्या बुरशीला मी हंगामभर पाळण्यातल्या लेकरासारखं जपलं, तिच्याशी आता माइकवरून बोलायचं. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात, मला काचेआडून बुरशी हाकायची होती. मी किल्ली टेबलावर आपटली. घरी जायचं सोडून स्कूटर हर्सूलच्या तलावापर्यंत नेली, तिथं उभी राहून मालकांच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि मग घरी आले.

वडिलांना सांगितलं. ते ताठ झाले. त्यांनी चष्मा काढला. "प्रवेश नाही? असं लिहिलंय? पितळेत?" आयुष्यभर ज्या धंद्याला त्यांनी नावं ठेवली त्यातल्या एका खोलीसाठी ते थरथरत होते. "उद्या जा आणि किल्ली मागून घे. हक्काची आहे ती. नाही दिली तर मी येतो." पाचवं शील त्या दिवशी त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मला भरून आलं. त्या चार बायकांचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

जानेवारीत जपानी बाई परत आल्या. मालकांनी मोठा समारंभ ठेवला होता, शहरातले प्रतिष्ठित येणार होते. बाई दोन तास आधीच पोचल्या आणि थेट कोजीच्या खोलीकडं निघाल्या. दारात थांबल्या. पाटीकडं बोट केलं. काय लिहिलंय?

मालक मला मराठीत हळूच म्हणाले, "स्वच्छतेसाठी आहे म्हणून सांगा."

मी पाटीवरचं जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

बाईंनी पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांचा आवाज एरवी मोठा असायचा, आता तो खाली आला होता. त्या म्हणाल्या की त्यांच्या घरात ही रीत खरंच होती. लहानपणी त्या उंबऱ्याबाहेर बसून वडिलांना आत काम करताना पाहायच्या. मग एका हिवाळ्यात कामाला माणसं मिळेनाशी झाली आणि वडिलांनी लेकीला आत घेतलं. गावातले म्हातारे म्हणाले, साके नासेल. साके नासली नाही. नेहमीसारखीच झाली. "मग आम्ही ती रीत सोडली. नाट्टो मात्र आम्ही अजूनही हंगामात खात नाही."

त्या आत गेल्या. ताटावरचा एक दाणा तोंडात टाकला आणि थुंकल्या. दारात उभं राहूनही मला तो वास येत होता. आंबट. बाईंनी ताटांवरून नजर फिरवली, निळ्या अंगरख्यांवरून फिरवली, आणि दोन नखांत दाणा दाबायची खूण करून मला विचारलं, "ती कुठं आहे?"

मालकांनी घाईनं सांगितलं, तिनं काम सोडलं.

बाई मालकांना म्हणाल्या, "माझ्या घरानं जे टाकून दिलं ते तुम्ही उचललंत. जे जपलं ते टाकलंत." हे मालकांना मराठीत सांगणं मला मनापासून आवडत होतं.

पाहुणे यायच्या आत पाटी उतरली. मालक दोघातिघांना 'गैरसमज झाला' म्हणून सांगत हिंडले, समारंभात भारत-जपान मैत्रीवर बोलले, टाळ्या घेतल्या. असल्या माणसांचं काही बिघडत नाही, हा माझा आणखी एक संताप. ती कोजी सगळी खताच्या खड्ड्यात गेली. किल्ली मला परत मिळाली. त्या संध्याकाळी मी जिंकले होते.

दुसऱ्या दिवशी मी दौलताबादला गेले. मावशी किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाटी मांडून पेरू विकत बसल्या होत्या. मी शेजारी बसकण मारली आणि सगळं एका दमात सांगितलं. माझी किल्ली कशी काढून घेतली, माझा किती संताप झाला, बाई काय बोलल्या, मालकांचं तोंड कसं उतरलं. मावशींनी ऐकलं. मध्ये एकदा हसल्याही, माइकचं सांगितलं तेव्हा. मग मी म्हटलं, "चला मावशी, नियम गेला. बाईंनी तुमचीच विचारणा केली. उद्यापासून या."

मावशी पेरूवरची धूळ पुसत राहिल्या. "नाय पोरी."

"मालकांचा राग आहे का? ते आता तोंड वर करणार नाहीत."

"मालकाचा राग कशाला? लई मालक बघितले आम्ही. त्यानं येऊन सांगितलं असतं ना, तर आम्ही चौघी दारातच बसलो असतो. हाललो नसतो. त्या तिघी तयारच व्हत्या." त्यांनी पेरू पाटीत ठेवला. "पर सांगाया तू आलीस. शिकलेली. आपली. म्या त्या तिघींना म्हनलं, गप ऱ्हा, ही सांगती म्हंजी कायतरी कारण आसंल. हिनं कारणाबिगर आपल्याला कधी काय सांगितलं नाय."

मी समोरचा एक पेरू उचलला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

"तुला किल्ली मिळाली, बरं झालं," मावशी म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, हेच मला सोसेना. तेवढ्यात सहलीची गाडी थांबली, आणि त्या उठून गिऱ्हाइकाकडं वळल्या.